मी पाहिलेली चार पावलं

माझ्या मुलाच्या पायांवर त्या हिवाळ्यात आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझं लग्न ठरवतानाही झाली नव्हती.

तेव्हा आम्ही वाडीला राहत होतो, दोन खोल्या भाड्यानं घेऊन. मी एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचो. मुलगा सोळा महिन्यांचा. भिंत धरून उभा राहायचा, भिंत सुटली की मटकन बसायचा, आणि एकदा बसला की डब्याचं एक झाकण त्याला तासभर पुरायचं. आम्हा दोघांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनीही त्याचे पाय वाकवून पाहिले, तळव्याला गुदगुल्या केल्या आणि "चालेल सवडीनं" असं म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं.

मग बाबांचा मोतीबिंदू पिकला. गावाहून आईबाबा आले, ऑपरेशन झालं आणि चष्मा मिळेपर्यंत दीड महिना मुक्काम आमच्याकडेच राहणार असं ठरलं. बाबांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना दारातली सायकल धड दिसत नसे, चार वेळा अडखळले. नातवाच्या पायांतली खोट मात्र त्यांना पहिल्याच दिवशी दिसली.

"काहून गा, हे पोट्टं बसूनच राहते?"

"चालंल बाबा सवडीनं. डॉक्टर म्हणाले."

"सवडीनं? तहसीलदार लागून गेला का?"

आई तेवढ्यात आतून बोलायची, "मोठ्याचा पोट्टा दहाव्या महिन्यात अंगणभर पळे. कोंबड्या भेत त्याले." मोठा म्हणजे माझा भाऊ. त्याचा मुलगा आता सहा वर्षांचा होता आणि त्याला अजून शर्टाची बटणं लावता येत नव्हती, पण हे बोलायची पद्धत नव्हती. मग आई माझ्या बायकोकडे वळायची. "कडेवर घेऊन घेऊन पाय निजवले वं तू त्याचे. खाली टाकत जाय जरा."

बरं, हे घरातल्या घरात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण डोळ्याची चौकशी करायला रोज कोणी ना कोणी यायचं. बाबा त्यांना म्हणायचे, "डोळ्याचं काय, होते तो बरा. हे पाहा." आणि पोराला मांडीवर ओढून त्याची पोटरी दाबून दाखवायचे. गावाकडे बैलबाजारात गोऱ्हा पारखताना ते असंच करत. एकदा तर पाहुण्यांसमोर सरळ म्हणाले, "गोऱ्हा असता तं म्या घेतला नसता."

स्वयंपाकघरात तवा आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा देताना बायको म्हणाली, "मी याले घेऊन माहेरी जाते."

मी म्हणालो, "म्हातारी माणसं आहेत. मनावर नको घेऊ." नवऱ्यानं असं म्हटलं की त्याचा अर्थ 'मी काहीही करणार नाही' असा असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तिला कळत होतं. डब्याचं झाकण तिनं जरा जास्तच जोरात बसवलं.

आणि मग मी जे केलं त्यापेक्षा काही न केलेलं बरं होतं.

रविवार होता. बायको चक्कीवर दळण आणायला गेली होती, आई देवळात. घरात आम्ही तीन पिढ्यांचे पुरुष. मी दाढी करत होतो, पोरगा झाकण वाजवत होता आणि बाबा खाटेवर बसून बोलत होते. पायात दमच नाही. अमुक गावात एक बाबा आहे, तो पाय चोळून देतो. आमच्या घराण्यात असं कोणीच नव्हतं, मायच्या घराकडून आलं असन. उद्या शाळेत कसं जाईल. परवा पोरगी कोण देईल.

सोळा महिन्यांच्या पोराचं लग्न मोडेपर्यंत ते आले, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "चालला न बाबा आत्ता!"

"कोण?"

"हाच. खाटेपासून दारापर्यंत. चार पावलं."

"मले नाही दिसला."

"पट्टीच्या बाजूनं गेला न तो," मी म्हणालो. तोंडाला साबण होता म्हणून चेहरा झाकला गेला. एक डोळा बांधलेल्या बापाला फसवायचं, तर निदान डोळ्याची बाजू तरी बरोबर सांगावी, एवढंच भान मला होतं.

बाबा गप्प झाले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी तो उघडा डोळा हातानं चोळला, हेही मी पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्या घरची रीत अशी, की पोरानं आधाराशिवाय पहिली पावलं टाकली की त्याच दिवशी डाळ्याच्या पिठाचे गुळातले लाडू शेजारी वाटायचे, आणि जितकी पावलं तितके लाडू प्रत्येक घरी. आई देवळातून आली, बाबांनी बातमी दिली, आणि तिनं पायसुद्धा न धुता गूळ फोडायला घेतला. आमच्या चाळीत नऊ बिऱ्हाडं होती. मी दोनच पावलं सांगितली असती तरी पुष्कळ होतं.

मी सांगणार होतो. खरंच. "आई, थांब जरा" इथपर्यंत मी आलोही होतो. एवढ्यात पिठाचा डबा कमरेवर घेऊन बायको दारात आली.

"वं सूनबाई, चालला तुहा पोट्टा! चार पावलं!" आई म्हणाली.

बायकोनं डबा खाली ठेवला. ठेवला कसला, सोडलाच. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "खरंच? अहो, खरंच?"

तिचा चेहरा मी कित्येक दिवसांत असा पाहिला नव्हता. मी म्हणालो, "हो."

ती पिठानं भरलेल्या हातांनीच पोरासमोर उकिडवी बसली. "तुह्या बाबाले दाखवलं न राजा, मले बी दाखव. ये. ये न." पोरगा हसला आणि तिच्याकडे रांगत गेला. "दमला असन," मी म्हणालो. "चार पावलांत?" आई आतून म्हणाली.

लाडू गेले आणि दुपारी बायका रिकाम्या झालेल्या ताटल्या घेऊन आल्या. ताटली द्यायला कोणी आत येत नाही, पण त्या आल्या. पोराला मध्ये उभं केलं. तो बसला. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा तर उभाच राहीना, पाय वर घेतले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लाडू तं आमच्या घरापर्यंत आले, पोट्टा काही येऊन नाही राहिला." सगळ्या हसल्या.

आईला ते झोंबलं. ती सुनेकडे वळली. "सकाळी चालत होता. तू आली अन् बसला. तुह्याच लाडानं होते हे सगळं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलंही नाही, पोराकडेच पाहत होती, आणि तिला वाटत होतं की आईचं म्हणणं खरं असावं. हे मला स्पष्ट दिसलं. तेव्हा कुठे मी बोललो.

"तो चाललाच नाही आई. मी खोटं बोललो."

ताटल्या जिथल्या तिथे थांबल्या. मग खाटेवरून बाबांचा आवाज आला. "म्हणजे मले दिसलं नाही ते बरोबरच होतं?"

"हो."

"सकाळपासून जीव नाही थाऱ्यावर. म्हटलं, हाही डोळा गेला." आणि मग मला एक अस्सल गावरान शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. पण तिच्यात सुटकेचाच भाग जास्त होता.

बायका गेल्यावर बायकोनं पोराला उचललं. मी 'मनावर घेऊ नको' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ती म्हणाली, "त्यांचं जाऊ द्या. त्यांनी निदान बसलेल्याले बसलेला म्हटलं. तुम्हाले तो जसा हाय तसा पुरला नाही."

माहेरी ती गेली नाही. आईबाबांपुढे मीच तोंडघशी पडलो होतो, तिला बोल लावायला आता कोणाला तोंड नव्हतं, तेव्हा जायचं कारण राहिलं नव्हतं, आणि मला वाटतं माझ्यावर लक्ष ठेवणं तिला जास्त गरजेचं वाटलं. पण पोराबद्दल ती माझ्याशी मोजकंच बोलू लागली. जेवला. झोपला. बस.

पुढे बाबांची पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर पोरगा मोरीकडून पाटाकडे चालत होता. हात वर करून, डोलत, कशालाही न धरता. मी ओरडलो, "अगं, चालला! चालला हा!"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन दिवस झाले."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही तं पहिलेच पाहिलं होतं."

आईनं आतून जाहीर केलं की लाडू एकदा वाटले ते वाटले, पुन्हा वाटायचे नाहीत. बाबा खाटेवरून पुढे वाकले, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ नातवाला न्याहाळून म्हणाले, "डावा पाय फेंगडा टाकते."

सवयीनं माझ्या तोंडाशी आलं होतं, नाही बाबा, सरळ टाकते, तुमच्या चष्म्याचा दोष आहे. मी पोराकडे पाहिलं. डावा पाय फेंगडाच पडत होता.

"हो, टाकते," मी म्हणालो. "टाकू द्या. अन् आता त्याची पोटरी दाबाची नाही, बाबा. कोणासमोरच नाही."

बाबांनी माझ्याकडे त्या भिंगांतून पाहिलं. त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते. "म्या काय वाईट म्हटलं गा?" असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी कामावर निघालो. डबा देताना बायको दारातच थांबली.

"पहिल्यांदा खाटेपासून गेला तो," ती म्हणाली. "मी ज्वारी निवडत होती. आधी खाट धरून उभा राहिला, मग सोडली. थेट माह्या सुपापर्यंत आला." मग डबा माझ्या हातात ठेवत म्हणाली, "मधे एकदा पडला. ते बी सांगून ठेवते."