डाव्या हाताचे पांगारे

पहिल्यांदा क्रोशाची सुई धरली तेव्हा आईनं ती माझ्या डाव्या हातातून काढून उजव्या हातात खुपसली. मी परत डाव्यात घेतली. आईनं परत काढली. करी रोडच्या आमच्या चाळीत दुपारची भांडी आवरली की बायका गॅलरीत सतरंजी टाकून विणायला बसायच्या. त्या सगळ्यांनी आळीपाळीनं मला शिकवून पाहिलं. शेजारी बसून, माझ्या हातावर हात ठेवून साखळी घालून दाखवायच्या, आणि माझ्या बोटांत दोऱ्याचा नुसता गुंता व्हायचा. शेवटी आईनं जाहीर केलं, की हिच्या हाताला वळण नाही, हिला चपात्या लाटू देत. चपात्याही मी डाव्यांच्याच पद्धतीनं लाटत होते, पण त्या गोल यायच्या म्हणून कुणी काही बोलायचं नाही.

मला विणायला शिकवलं ते शेजारच्या खोलीतल्या मुलीनं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मालवणहून नुकतीच आलेली, आणि आल्या आल्या चाळीतल्या बायकांना रुमालाच्या कडा शिकवायला लागलेली. एक दिवस ती माझ्या शेजारी न बसता समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"माझ्याकडे बघ गो," ती म्हणाली. "आरशात बघून वेणी घालतंस ना, तसंच कर."

तिचा उजवा हात हलला की माझा डावा हलायचा. त्या दुपारी मला साखळी आली. मग मुका खांब आला, मग उभा खांब. एवढी साधी युक्ती चाळीतल्या एकाही मोठ्या बाईला सुचली नव्हती, याचा मला आनंद झाला होता आणि थोडा रागही आला होता. तो राग अजून आहे.

तेव्हापासून आम्ही दोघी कुठेही विणायला बसलो की समोरासमोरच बसायचो. नंतर मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी सवय तशीच राहिली. माझ्या विणीची एक खोड आहे. गोल विणताना सगळ्यांचे टाके ज्या बाजूला कलतात त्याच्या उलट माझे कलतात. बघणाऱ्याला ते कळत नाही, विणणाऱ्यालाही सहसा कळत नाही. तिला मात्र कळायचं. डोळे मिटून ती माझ्या कामावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "हे तुझं. शंभरात ठेवलं तरी ओळखीन."

लग्न होऊन मी दादरला आले. ती करी रोडलाच राहिली, चाळ पडून टॉवर झाला तेव्हा त्यातच एकोणिसाव्या मजल्यावर गेली. तिचं नाव मोठं होतं. आमच्या चाळीतल्या आणि आजूबाजूच्या कितीतरी मुलींच्या रुखवतात तिच्या हातचं काही ना काही मांडलेलं असायचं, आणि नातेवाइकांत कुठे लग्न ठरलं की पहिला फोन तिला जायचा. मग तिचा उजवा अंगठा दुखायला लागला. सांध्याचं दुखणं. औषधं झाली, शेक झाला, लेप झाला. शेवटी तिला सुई धरवेना.

त्याच सुमाराला तिच्या लेकीचं लग्न ठरलं. मला फोन करून ती रडली. तिला असं रडताना मी फक्त तिचे वडील गेले तेव्हा ऐकलं होतं. म्हणाली, "साऱ्या गावाची रुखवतं मी केली, आणि माझ्या पोरीच्या टेबलावर विकतचं ठेवू?"

"मी करते ना," मी म्हटलं. यात विचार करण्यासारखं काय होतं!

लग्न फाल्गुनातलं, म्हणून मी ठरवलं की वसंतातल्या फुलांची परडी करायची. गुलाब नि सूर्यफुलं सगळेच करतात. मला पळस हवा होता, पांगारा हवा होता, ताम्हण हवी होती आणि मधूनमधून आंब्याचा मोहोर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांगारा आहे. त्याच्याखाली पडलेली फुलं मी घरी आणायची, टेबलावर पाकळी पाकळी सोडवायची आणि तशीच्या तशी विणायची. पांगाऱ्याचा तांबडा रंग काही केल्या मिळेना. दुकानात दाखवतात तो एक तर कुंकवासारखा, नाही तर टोमॅटोसारखा. नवरा म्हणाला, लाल तो लाल. पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलण्यात मला रस नव्हता. शेवटी दोन वेगळ्या लाल लोकरींचे धागे जोडीनं घेऊन विणले तेव्हा तो रंग आला.

पाकळ्या ताठ राहाव्यात म्हणून मी त्या साखरेच्या पाण्यात बुडवणार होते. तिनं फोनवरच ओरडून मला थांबवलं. "मुंग्या लागतील गो लग्नात! साबुदाण्याची खळ कर." या परडीला तिचा हात लागला तो इतकाच. तरीही तिच्या लेकीच्या लग्नात पाहुण्यांनी विचारलं, की ही परडी कुणी केली, तेव्हा ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आम्ही दोघींनी." मला ते 'दोघींनी' फार गोड वाटलं. खरंच वाटलं. त्या रात्री मी घरी येऊन नवऱ्याला ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

पुढे अधूनमधून मी परडीची चौकशी करायची. लेकीनं नेली, ती म्हणायची. शोकेसमध्ये ठेवली आहे, रोज फडक्यानं पुसते. या वर्षी तिचा फोन आला, की परडीतले दोन पांगारे मळलेत, अजून थोडे करून दे. थोडे म्हणजे किती, विचारलं तर म्हणाली, जमतील तेवढे. मी तो तांबडा रंग पुन्हा जुळवला आणि कामाला लागले.

पांगारे करून झाले होते, आणि दुसऱ्याच दिवशी ते तिला नेऊन द्यायचे होते. त्या दिवशी आम्ही दादरला एका लग्नाला गेलो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या माणसाच्या मुलाचं लग्न, म्हणजे आम्ही वरपक्षाकडचे. मुलीकडची मंडळी आमच्या ओळखीची नव्हती. जेवणाला वेळ होता म्हणून मी सवयीनं रुखवत बघायला गेले. लाडू, चिरोटे, सुपारीचे भटजी, काचेच्या पेटीतली तुळस. आणि मधोमध माझी परडी.

आधी मला वाटलं, हुबेहूब नक्कल केली कुणीतरी. मग मी वाकून बघितलं. दोन लाल धागे जोडीनं. ताम्हणीचे टाके उलटे कललेले. मोहोराच्या एका काडीला मी हिरवा दोरा संपला म्हणून पोपटी लावला होता, तोही तिथेच होता.

टेबलाशी नवरीची मावशी उभी होती, राखणीला. मी इतकं निरखून बघते आहे म्हटल्यावर तिला हुरूप आला. "सुंदर आहे ना? आमच्या ताईची, म्हणजे नवरीच्या आईची, चुलत जाऊ आहे करी रोडला, त्यांनी केली. अंगठा चालत नाही हो त्यांचा! तरी दुखतं बोट घेऊन बसल्या आणि एकटीनं सगळं केलं. पोरीवर माया म्हणून."

मी म्हटलं, "एकटीनं?"

"एकटीनं. दुसऱ्या कुणाला जमणार आहे हे?"

मी परत वाकून ती पोपटी काडी बघितली. मावशीला वाटलं असावं, मी भारावून गेले. तिनं परडीतून एक पांगारा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "घेऊन जा एक. त्यांनी सांगितलंय, लागतील तेवढे परत करून देईन म्हणून. आज त्या आल्या नाहीत, पण तुम्हाला शिकायचं असेल तर त्यांचा नंबर देते. शिकवतात फार छान."

ते मात्र खरं होतं.

मी माझंच फूल पर्समध्ये घालून घरी आले. जेवले की नाही ते आठवत नाही. संताप इतका आला होता की पदराची पिन काढताना बोटात रुतली. लबाड बाई, असं मी मोठ्यानं म्हटलं, आणि मलाच कसंतरी झालं, कारण तिला असं मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. परडी दिली याचं मला काही नाही. तिनं आपलं नाव सांगितलं, तेही मी समजून घेतलं असतं. हात गेला, पण नाव टिकावं असं कुणालाही वाटेल. मला नुसतं विचारलं असतं, की अगं, माझं म्हणून सांगू का, तर मी हसत हो म्हटलं असतं. पण ती शोकेस? ते रोजचं फडकं? आणि ते मळलेले पांगारे, जे कधी मळलेच नव्हते? मला तिनं कारखान्यासारखं वापरलं, आणि वर आपलेपणाचा रंग लावला. दोघींनी म्हणे!

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मी तिच्याकडे गेले. नवे पांगारे पिशवीत होते. लग्नातला पर्समध्ये होता. लिफ्टमध्ये मी ठरवलं, की भांडायचं नाही. फूल समोर ठेवायचं, एवढंच. ती काय ते बोलेल, कदाचित रडेल, मीही रडेन, आणि मग चहा होईल. खरं सांगायचं तर मी तिला माफ करायच्या तयारीनंच गेले होते.

तिनं दार उघडलं, मला आत घेतलं, पाणी दिलं. मी पर्समधलं फूल काढून टेबलावर ठेवलं.

ती बघत राहिली. मग तिनं चष्मा लावला, फूल उचललं आणि उलटं केलं. टाक्यांवरून तिचा तो दुखरा अंगठा हळूहळू फिरला, डावीकडून उजवीकडे, बरोबर माझा हात चालतो त्या दिशेनं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. माझी खात्री होती, की आता ती म्हणणार, हे तुझं.

तिनं फूल खाली ठेवलं.

"बरं जमलंय," ती म्हणाली. "कोणी केलं गो?"

गॅलरीतून वाऱ्याची झुळूक आली आणि टेबलावरचं फूल जरासं सरकलं. तिनं ते धरलं नाही. मीही नाही.

"करी रोडला एक बाई आहे," मी म्हटलं. "एकटीनं करते म्हणे."

ती उठून आत गेली. खूप वेळ आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी पिशवी उघडली नाही. ती चहा घेऊन आली, टेबलावर दोन कप ठेवले. माझ्या समोरची खुर्ची रिकामी होती. ती माझ्या बाजूला सोफ्यावर बसली, खिडकीकडे तोंड करून, आणि चहा संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.