आईच्या ट्यूबलाइटचा चोक

पेणमधल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी आईच करायची. अंगाचा रंग कोणीही लावो, डोळे शेवटी तिच्याकडे. ती बसायची त्या कोपऱ्यात जुनी चोकवाली ट्यूबलाइट होती. गेल्या वर्षी ऐन हंगामात तो चोक जळला आणि भावाने तिथे एलईडीची पट्टी लावली. थोड्याच दिवसांत आईचा मला फोन आला. मी रोह्याला कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे.

"ह्या नव्या उजेडात डोळं तिरळं येतात गो," ती म्हणाली. "माजी जुनी ट्यूब लावून दे."

भाऊ वैतागला होता. त्याच्या मते उजेडात काहीच खोट नव्हती, आईचीच कुरकुर. मला मात्र स्फुरण चढलं. बिघडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, त्यात आईची बाजू घ्यायची संधी. पण आता चोक विकतो कोण? रोह्यातली दुकानं पालथी घातली, दुकानदार हसले. शेवटी पेणजवळच्या गडब गावात एका भंगारवाल्याकडे मिळाला, चांगला वजनदार.

सुट्टीच्या दिवशी जाऊन बसवला. आई पाटावर बसून बघत होती.

"ह्यात हाय काय एवढं?"

"नुसती गुंडाळलेली तार," मी म्हणाले. मग सांगितलं, की अशा वेटोळ्याला प्रवाहातला बदल खपत नाही. प्रवाह वाढायला लागला की ते अडवतं. स्टार्टरने तो एकदम तोडला, तर तो चालूच ठेवायला बघतं, आणि त्या झटापटीत एवढा दाब उठतो की ट्यूब पेटते.

"हट्टी हाय म्हणायचा."

"कोणावर गेलाय बघ," मी म्हणाले. ती हसली.

ट्यूब लुकलुकली आणि लागली. चोकची ओळखीची घुरघुर सुरू झाली. आईने मूर्ती पुढे ओढली, कुंचला काळ्या रंगात बुडवला, श्वास रोखला. डावा डोळा छान उतरला. उजवा खाली घसरला. तिने फडक्याने पुसून पुन्हा काढला, पुन्हा तसाच. तिची बोटं कापत होती, ते मला तेव्हा दिसलं.

ती बराच वेळ वर ट्यूबकडे बघत राहिली. उजेड अगदी पूर्वीसारखा होता.

"ऱ्हाव दे," एवढंच म्हणून तिने कुंचला धुतला, पुसला आणि शेजारी अंगाचा रंग लावत बसलेल्या वहिनीपुढे ठेवला. "आता तू काढ गो."

त्यानंतर तिने कुंचला हातात घेतला नाही. वहिनी चांगली आखणी करते, ट्यूबही व्यवस्थित चालते, भाऊ माझं कौतुक करतो. मला त्या कोपऱ्याकडे बघवत नाही. मी गडबहून तो चोक आणला नसता, तर आई अजून त्या पट्टीला नावं ठेवत डोळे काढत बसली असती.