वासाचं खोडरबर
काल कॉलेजचा फॉर्म भरायला, आमच्या घरातला हा पहिलाच, पेन शोधत होते. जुनी कंपासपेटी उघडली आणि स्ट्रॉबेरीचा पुसट वास आला. आठवीत, पंचवटीतल्या शाळेत, मी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं हे वासाचं खोडरबर उचललं होतं आणि वर "देवाशप्पथ, मी नाही घेतलं," असंही म्हटलं होतं. तिने कट्टी घेतली. पुढच्याच आठवड्यात तिची रिक्षा उलटली. दोन महिन्यांनी ती शाळेत आली तेव्हा डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेभोवती केस नुकते उगवत होते आणि तिला ते अख्खं वर्ष आठवत नव्हतं. "आपण मैत्रिणी होतो ना गं?" डबा उघडत तिने विचारलं. नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, पण मी दप्तरातून कंपासपेटी काढली. "होतो, पण आपली कट्टी होती. हे तुझं खोडरबर मी चोरलं होतं," म्हणत मी ते तिच्यापुढे ठेवलं. तिने वास घेतला आणि नाक मुरडलं. "एवढ्यासाठी? वेडीच आहेस. ठेव तुलाच!" मग बट्टीसाठी दोन बोटं पुढे केली. अजूनही भेटली की ती म्हणते, "आठवीतलं सांग ना काहीतरी," आणि मी दरवेळी, थोडी अडखळत, चोरीपासूनच सुरुवात करते.