जळलेल्या मोटरींचा नकाशा: वडवणीतले तीन दिवस

वडवणीला फिरायला कोण जातं? हॉस्टेलच्या मेसमध्ये मी प्लॅन सांगितला तेव्हा सगळ्यांनी हेच विचारलं. त्यात जानेवारीतला मोठा वीकेंड, बाकी सगळे कोकणात चाललेले. पण नाझनीन म्हणाली, "अब्बा बोअर मारतायत. एकच मारणार. जागा तू सांग." एवढ्यावर मी बॅग भरली.

नाझनीन माझी जिऑलॉजीची बॅचमेट. तिच्या अब्बांचं, म्हणजे रशीदचाचांचं, बीड जिल्ह्यातल्या वडवणीत पाण्याच्या मोटरी रिवाइंड करायचं दुकान आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरींवर काम केलं आणि आता गावाबाहेर दोन एकर माळ घेतला. त्यात त्यांना सीताफळाची बाग करायची आहे. रोपं आणून घराच्या अंगणात ठेवलेलीसुद्धा. घरात त्यांनी सांगून टाकलं होतं की बोअर कोरडा गेला तर दुसरा मारणार नाही, माळ विकून टाकायचा.

आता जागा मीच का सांगायची? कारण माझं प्रोजेक्टच ते आहे. जमिनीखाली काही ठिकाणी वाळूच्या दगडात नैसर्गिक वायू असतो, पण तो दगड इतका घट्ट असतो की वायू असूनही बाहेर येत नाही. मग तेवढ्या मोठ्या भागात त्यातल्या त्यात चांगला पट्टा कुठला, ते शोधावं लागतं. थराची जाडी किती, दगडात पोकळी किती, पोकळीत वायू किती, या सगळ्याला मार्क द्यायचे आणि नकाशे एकावर एक ठेवायचे. जिथे मार्क जास्त तिथे लाल रंग. माझ्या नकाशावर एक मस्त, मोठ्ठा लाल डाग आला होता आणि मी त्यावर फार खूश होते. बीडमध्ये वाळूचा दगड नाही, काळा कातळ आहे, वायू नाही, पाणी आहे. पण मला वाटलं, पद्धत तीच की.

शुक्रवारी सकाळी पुण्याहून सहाची बीड गाडी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे लाल परीच घ्या, ट्रॅव्हल्सच्या मागे लागू नका. नगरला चहा, जामखेडला भजी. जामखेडच्या पुढे रस्ता बरा आहे, पण मागच्या सीटवर बसलात तर पाठीची जबाबदारी तुमची. माझ्या पुढे दोघं बसले होते.

"काय बे, बोअर लागला म्हनं तुझा?"

"लागला की. दोन नारळ फोडले, पेढे वाटले."

"मग?"

"मग काय. पेढे संपायच्या आत पानी संपलं."

दोघंही हसले. मीही हसले, आणि पुढे विचार केला नाही.

बीडहून वडवणी तासाभराचं. स्टँडवर नाझनीन स्कूटी घेऊन उभी होती. घरी तिच्या अम्मींनी गरम ज्वारीची भाकरी, तव्यावरचं मटण आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं तर म्हणाल्या, "बेटा, पुन्यात भाकऱ्या मोजून खातेत का?" चौथीसुद्धा खाल्ली.

शनिवारी सकाळी माळावर. डोंगराच्या पायथ्याला उतरती, दगडगोट्यांची जमीन, आजूबाजूला हरभरा. तिथे आधीच एक जण उभे होते. पांढरं धोतर, तळहातावर नारळ. हे मामा, पाणी बघणारे. चाचांनी त्यांनाही बोलावलं होतं.

"तुमचा विश्वास आहे यावर?" मी हळूच विचारलं.

"दुसऱ्याचा बोअर असता तर मीच जागा सांगितली असती," चाचा म्हणाले. "सोताच्याला हात कापतो, बेटा. म्हनून दोगांना इचारतो."

मामा शांतपणे माळभर चालले. मधोमध एका जागी त्यांच्या हातावरचा नारळ उभा राहिला. त्यांनी तिथे चुन्याची खूण केली आणि सावलीला जाऊन बसले.

मी आणि नाझनीन मात्र दुपारपर्यंत आजूबाजूच्या सात विहिरी बघत हिंडलो. विहिरीच्या भिंतीत थर स्पष्ट दिसतात. वर मुरूम, मग भोकाभोकांचा दगड, त्याला तिकडे मांजऱ्या म्हणतात, मग काळा पाषाण. मांजऱ्यात पोकळी, पोकळीत पाणी, म्हणून त्याला सगळ्यात जास्त मार्क. शेजारच्या भागवतकाकांच्या शेतात बसून वही भरली. त्यांनी हुरडा भाजून दिला, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. जानेवारीत या भागात आलात तर हुरड्यासाठी कोणाचं तरी शेत गाठाच.

नकाशा रंगवला. लाल डाग आजूबाजूच्या शेतांवरही पसरलेला, पण त्याचा सगळ्यात गडद भाग बरोबर माळाच्या मध्ये. चुन्याच्या खुणेपासून दहा पावलांवर.

नारळ आणि मी, दोघांचं एकमत. चाचांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचा जाम अभिमान वाटला. त्यांनी तिथल्या तिथे बोअर मारणाऱ्या रिगवाल्याला फोन केला, उद्या सकाळी या म्हणून.

संध्याकाळी नाझनीनबरोबर चाचांचं दुकान बघायला गेले. छोटं, तेलाच्या वासाचं दुकान. भिंतीला लागून पाणबुडी मोटरींची रांग, लांबट नळकांड्यांसारख्या, प्रत्येकीवर खडूने गावाचं किंवा शेतकऱ्याचं नाव. चाचा एक मोटर उघडून आतली काळी पडलेली तार ओढून काढत होते.

"ही कशाने जळली?" मी सहज विचारलं.

"कोरडी पळाली. पानी सरलं, मोटर चालूच."

"आणि ही?"

"ही पन. ही आपल्या माळाच्याच शिवारातली. ह्या बोअरला पयल्या दिवशी तीन इंच पानी होतं. गावानं फोटो काडले."

"खडक कुठला लागला होता?"

चाचा हसले. "मांजऱ्या. त्यो दगड पाजरत न्हाई. भोकं हायती, पन पांढऱ्या खड्यानं बुजलेली. साचलेलं तेवडं देतो, मागून काई येत न्हाई."

मांजऱ्यालाच तर मी सगळ्यात जास्त मार्क दिले होते. मी बॅगेतून नकाशा काढला आणि वर्कबेंचवर पसरला. म्हटलं, चाचा, या शिवारातून जळून आलेली प्रत्येक मोटर कुठली ते सांगा. त्यांना सगळं तोंडपाठ. मी एकेक फुली मारत गेले. अकरा फुल्या. त्यातल्या नऊ माझ्या लाल डागात.

 नाझनीनने माझ्यापुढे चहा सरकवला.

पोकळी मोजली होती, पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का हे मी बघितलंच नव्हतं. आणि शेजारच्या विहिरींनी प्रत्यक्षात वर्षभर काय दिलं, हेही विचारलं नव्हतं. घट्ट दगडाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात लिहिलेलं असतं हे. मला पाठ होतं.

"आणि ज्यांच्या मोटरी जळत नाहीत?" मी विचारलं.

चाचा हात पुसता पुसता थांबले. "त्यांच्या येत्यात ना. बेरिंग झिजून, म्हातारपनानं. धा-धा वर्सांनी." त्यांनी पाच नावं सांगितली. मी पाच गोल काढले. पाचही जवळपास एका रेषेत, शिवारातला ओढा जिथे एकदम वळतो तिथून वर डोंगराकडे. म्हणजे खाली कातळाला उभी भेग असणार आणि तिच्यातून मागून पाणी येत राहत असणार. ती रेष पुढे ओढली तर माळाच्या ईशान्य कोपऱ्यातून जात होती. निव्वळ काळा दगड, गवतसुद्धा नीट नाही, म्हणून चाचांनी तिथे शेड बांधायचं ठरवलेलं.

"चाचा, मी चुकले होते," मी म्हटलं. "पण हेही चुकू शकतं."

त्यांनी नकाशावरच्या फुल्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ह्या मोटरी मी इतकी वर्सं उचलतोय. कदी एका कागदावर ठिवल्या न्हाईत."

रविवारी आठला रिग आली. तमिळ कामगार, मोठी गाडी, मोठा आवाज. चाचांनी गाडी थेट कोपऱ्यात लावायला सांगितली. भागवतकाका धावत आले.

"रशीदभाई, कावून तिकडं? नारळ हितं उबा ऱ्हायला, पोरीचा कागद हितंच बोलला. दगडात पैका घालता का?"

"कागद रातीतून बदलला," चाचा म्हणाले.

मला वाटलं मामा चिडतील. ते आले, कोपरा बघितला आणि म्हणाले, "नारळ पानी हाय का ते सांगतो. टिकंल का ते न्हाई सांगत." मी त्यांच्या शेजारीच बसले. माझ्या नकाशाबद्दल मला याहून नेमकं काही सुचलं नसतं.

शंभर फुटांपर्यंत नुसती काळी धूळ. अम्मी पदर तोंडाला लावून उभ्या. सव्वाशे, धूळच. भागवतकाका विडी न पेटवता नुसती धरून बसलेले. चाचा रिगच्या अगदी जवळ उभे होते, मान तिरकी करून, दुकानात मोटरीचा आवाज ऐकतात तसे. दीडशेच्या आसपास तेच पहिले म्हणाले, "आवाज बदलला." मग धूळ ओली झाली. मग गढूळ पाणी.

कारंजं वगैरे नाही. जेमतेम दीड इंच. गाव फोटो काढेल असं काही नाही.

"जानेवारीचं पानी पावनं," भागवतकाका उठत म्हणाले. "मे मधी ऱ्हायलं तर घरचं." पण जाताना त्यांनी चाचांना मिठी मारली.

दुपारच्या गाडीने निघाले. अम्मींनी धपाटे बांधून दिले होते, ते जामखेडच्या आत संपले.

पुण्यात आल्यावर पहिलं काम म्हणजे गाइडकडून जुन्या वायूविहिरींचे उत्पादनाचे आकडे मागून घेतले. ते माझ्या नकाशावर ठेवले आणि मोठ्ठा लाल डाग गेला. उरले दोन अरुंद पट्टे, भेगांच्या बाजूने. सरांनी विचारलं, "एवढा चांगला भाग होता, कुठे गेला?" मी म्हटलं, "सर, भोकं होती, वाट नव्हती." माझ्या त्या पट्ट्यांवर कोणी खरंच विहीर खोदेल असं नाही. पण कोणी खोदली तर मला तिथे उभं राहून बघता आलं पाहिजे, इतपत तरी तो नकाशा आता खरा आहे.

हे लिहायला मी मुद्दाम मे संपेपर्यंत थांबले. काल चाचांना फोन केला. रोपं जगली का, पाणी किती आहे, मोटर किती वेळ चालते, मी सगळं एकदमच विचारलं. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"कमी झालंय, बेटा," ते म्हणाले. "पन रोज येतंय."