नाकानीने चुकवलेली घंटा

सायॉन त्राओरेचा उजवा हात गेला याचं नायजर नदीकाठच्या त्या मालिंके लोकांच्या गावाला वाईट वाटलं, पण त्याने जीभही गुंडाळून ठेवली याचा रागच आला. गावाचे ढोल तीन, त्यातला मधला सायॉनचा. डाव्या हाताने ढोलावरची लोखंडी घंटा, उजव्या हातात टिपरू. तिन्ही ढोल घुमू लागले की खुरपणाऱ्यांची रांग एका दमात सरकायची, म्हाताऱ्यांच्या कंबरा दुखायचं विसरायच्या. मधला नसला की उरलेले दोघे नुसते भांडतात.

एका सकाळी सायॉन उठला तो उजवी बाजू लुळी घेऊनच. पुढे पाय चालू लागला, पण बोटांत टिपरू ठरेना. घरचे सगळे एकाच थाळीत जेवत, आणि तिच्यात डावा हात घालत नाहीत, म्हणून तो कोपऱ्यात एकटाच चमच्याने जेवायचा. ढोल त्याने कोठीत टाकायला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. साथीदार आले, इमाम आले, वैदू पाला चोळून गेला. सगळ्यांना एकच उत्तर, बरं आहे.

मग नाकानी कोने आली. त्राओरे आणि कोने या दोन कुळांचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. एकाने काहीही बोलावं, दुसऱ्याने रागवायचं नाही. हक्काने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. दोघं स्वतःला दुसऱ्याचा मालक म्हणवतात, एकमेकांना चवळीखाऊ म्हणून चिडवतात, आणि चारचौघांत चवळी खाल्ल्याचं मरेपर्यंत कोणी कबूल करत नाही. नाकानीच्या जिभेला तर हाड नावालाही नव्हतं.

"चवळीखाऊ, मेलास का? मेला असशील तर सांग, उगाच जागा अडवू नकोस."

"हात गेला, नाकानी."

"एक गेला. दुसरा काय चवळी सोलायला ठेवलायस? उद्या माझा भुईमूग खुरपायचाय. मालकीण सांगतेय, ये."

नाही म्हणायची सोय नव्हती. सायॉन लंगडत, पुटपुटत शेतावर गेला. टिपरू डाव्या हातात घेतलं, पण मग घंटा कोण वाजवणार? साथीदारांचे हात आपापल्या ढोलात गुंतलेले. नाकानीने घंटा वाजवायचं लोखंडी कडं बोटात घातलं आणि ढोलाशेजारी बैठक मारली. बाई ढोलाला हात लावते म्हणून दोन म्हातारे खाकरले. पण कोनेला अडवणार कोण?

तिने घंटा अशी बडवली की अर्ध्या रांगेच्या कुदळी वर आणि अर्धीच्या खाली. महिनोन्‌महिने मुका असलेला सायॉन ओरडला, "अगं बाई, घंटा आहे ती, चवळी कुटत नाहीयेस! ढोलाच्या मागून ये!"

कुदळी टाकून सगळी रांग पोट धरून हसली. सायॉनही हसला. त्या दिवशी भुईमूग अर्धाच खुरपून झाला, आणि नाकानीने त्याबद्दल त्याला वर्षभर टोमणे मारले.

त्यानंतर तो घरात बसला नाही. कडं बोटात अडकवायचं असतं, मुठीत धरावं लागत नाही, हे तिच्याकडे बघूनच त्याला सुचलं होतं. रोज पहाटे कोठीत बसून तो उजव्या हाताला घंटा शिकवू लागला. नाकानीचे उपकार आभाळाएवढे होते, पण मानायचे कसे? थट्टेच्या नात्यात आभार मानणं म्हणजे नातंच तोडणं.

पुढच्या पावसाळ्यात नाकानी पडली, पाय मोडला. हाड जुळलं, पण तिने जेवण सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सायॉनला ती भिंत चांगलीच माहीत होती. त्याने तिन्ही ढोल तिच्या अंगणात मांडले आणि कडं उजव्या बोटात घातलं. घंटा कधी पुढे धावत होती, कधी मागे राहत होती. मुद्दाम नव्हे, हात तेवढाच चालत होता.

"कोण गाढव ते?" आतून आवाज आला. "ढोलाच्या मागून ये!"

"मी, तुझा मालक."

"टिपरू तुझ्या डाव्या हातात. मग घंटा कुणाची?"

"माझीच. उजवी."

सुनेला हाक मारून, तिच्या आधाराने नाकानी दारात येऊन टेकून बसली. त्याच्या बोटातल्या कड्याकडे ती बघत राहिली. तू नसतीस तर मी त्या भिंतीशीच संपलो असतो, असं सायॉनच्या अगदी ओठावर आलं होतं.

"कांकूने चवळी शिजवलीय," तो आपल्या बायकोकडे बोट दाखवून म्हणाला.

सगळं अंगण बघत होतं. नाकानीने डोक्याचा रुमाल सावरला.

"आणा," ती म्हणाली. "पण एकटी नाही खाणार मी."

कांकूने थाळी दोघांच्या मध्ये ठेवली. सायॉनने कडं काढलं, हात धुतला आणि दोन पावसाळ्यांनंतर उजवा हात कुणाबरोबर एका थाळीत घातला.