‘ना’ची चिठ्ठी

“मॅडम, सगळे दिवे हिरवे आहेत म्हणता, मग आमचा फोन का मेलाय?”

हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या शेखबाई फोनवर विचारत होत्या. दिवे खरंच हिरवे होते.

मी मुलुंडला आमच्या कंपनीच्या इक्विपमेंट रूममध्ये उभी होते. रूम म्हणजे शाळेच्या वर्गाएवढी खोली. बारा महिने एसी, भिंतीकडेला बॅटऱ्या आणि मधे लोखंडी कपाटं, ज्यांना आम्ही रॅक म्हणतो. रस्त्याखालून आलेली फायबर रॅकमधल्या एका पॅनलवर येऊन थांबते. तिथून मशीनपर्यंत एक बारीक पिवळी वायर जाते, ती पॅच कॉर्ड. त्या सकाळी जुन्या रॅकमधलं सगळं मी नव्या रॅकमध्ये हलवलं होतं. वीस वर्षं हेच करतेय. असं शिफ्टिंग डोळे मिटून जमतं, असा माझा समज होता.

बाराला काम संपलं आणि साडेबाराला शेखबाईंचा फोन आला, तोही स्वतःच्या मोबाइलवरून. त्यांचा अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर बंद होता. “रस्त्यात कुणाला काही झालं की लोक हाच नंबर लावतात, मॅडम. रिक्षांच्या मागे लिहिलाय.”

मी एक्सेल उघडली. हॉस्पिटल: पोर्ट सात आणि आठ. पोर्ट म्हणजे पॅनलवरचं भोक. दोन्हींना मीटर लावला. फायबरमधून प्रकाश येतोय का आणि किती, ते हा मीटर सांगतो. प्रकाश छान होता.

“तुमच्याकडचा बॉक्स बंद करून चालू करा.”

“तीनदा केला.”

“अजून एकदा करा ना, प्लीज.”

त्यांनी केला. काही नाही. मी कॉर्ड बदलली. मशीनमधलं कार्ड बदललं. सातची वायर आठला आणि आठची सातला लावून पाहिली. मग परत होतं तसं केलं. डोकं चालेना. तेवढ्यात आमच्या मॅनेजरचा, देसाई सरांचा फोन.

“वैशाली, काय चाललंय काय? त्यांचा डॉक्टर डायरेक्ट हेड ऑफिसला बोंबलतोय!”

“सर, इथून सगळं ओके आहे.”

“ओके आहे तर वाट कशी लागली? आणि ते भांडुपचं गोदाम काय म्हणतंय? त्यांचे कॅमेरे अर्ध्या तासात चारदा गेले आणि आले.”

गोदामाला मी हातही लावला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. मग मोजलं तर सात-आठशी मी चारदाच खेळले होते. म्हणजे सात-आठवर गोदाम होतं. मग हॉस्पिटल कुठे होतं?

पॅनलवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. भां, घा, मु. भांडुप, घाटकोपर, मुलुंड. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर मुलुंड पश्चिम लिहिलेलं, म्हणून ‘मु’च्या जोड्या शोधल्या. दोनच होत्या. एकीवर कॉलेज निघालं, दुसरीवर एक सोसायटी. अख्खं हॉस्पिटल कागदावर होतं आणि खोलीत नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी तांडेलकाकांना फोन लावला. त्या चिठ्ठ्या त्यांच्याच. आमच्या टीमच्या आधी ही रूम तेच सांभाळायचे. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि आता मालाडच्या बाजारात काकूंच्या मासळीच्या पाटीवर बसतात.

“थांब गं, एका गिऱ्हाईकाला सुरमई देतो,” म्हणाले. मी थांबले. ते एक मिनिट फार लांबलं.

“काका, हॉस्पिटल कुठल्या पोर्टवर आहे?”

“कुठलं?”

“मुलुंडचं.”

“ते मुलुंडला कुठे आहे? नाहूर स्टेशनला चिकटून तर आहे! बोर्डावर मुलुंड लिहिलं म्हणून मुलुंड होतं काय? सात-आठची फायबर खोदकामात तुटली, तेव्हा मी ते अकरा-बारावर टाकलं. मागाहून सात-आठ जोडून आली, ती गोदामाला दिली. ऑफिसला सांगितलेलं, त्यांनी लिहिलं नसणार. पण चिठ्ठी आहे ना.”

“कसली चिठ्ठी?”

“ना.”

“नाही?”

“अगं, ना! नाहूरचा ना!”

मी जमिनीवरच्या भंगाराच्या पिशवीकडे पाहिलं. आमच्या टीममध्ये बिघडलेल्या वस्तूवर ‘ना’ लिहितात, नादुरुस्तचा ना. कार्ड मेलं, चिकटवा ‘ना’. बॅटरी गेली, चिकटवा ‘ना’. सकाळी अकरा-बारावर ‘ना’ दिसला, तशी मी दोन्ही कॉर्ड कात्रीने कापल्या आणि पिशवीत टाकल्या. मीटर लावला नाही. शिफ्टिंगच्या दिवशी अलार्म वाजतातच, म्हणून तेही आधीच म्यूट केले होते. वीस वर्षांच्या अनुभवाची अशी शोभा झाली.

नव्या कॉर्ड खोचता खोचता मी चिडूनच विचारलं, “मग नादुरुस्तला तुम्ही काय लिहायचात?”

“काही नाही. नादुरुस्त ते ठेवायचं कशाला? काढायचं, दुरुस्तीला पाठवायचं. चिठ्ठी लावून सांभाळायला ते काय लोणचं आहे?”

मागच्या फडताळात ‘ना’ लिहिलेली आमची अकरा कार्डं होती. मी काकांना ते सांगितलं नाही.

देसाई सरांना मात्र चूक माझी आहे, असं लिहून पाठवलं. ते म्हणाले, “चिठ्ठी त्या तांडेलची ना?” मी म्हटलं, “चिठ्ठी बरोबर होती, सर. वाचणारी मी होते.” आता आमच्याकडे गावाचं नाव पूर्ण लिहितात आणि चिठ्ठी काहीही म्हणो, मीटर लावल्याशिवाय कात्री उचलत नाहीत. एवढं साधं शिकायला मला वीस वर्षं आणि एक दुपार लागली.

लाइन आली तेव्हा खात्री करायला मी तोच नंबर लावला होता. दुसऱ्या रिंगला शेखबाईंनी उचलला. “हॅलो, अ‍ॅम्ब्युलन्स.” मला इतकं हायसं वाटलं की न राहवून विचारलं, “मधल्या वेळात कुणी लावला नव्हता ना हा नंबर?”

“ते आम्हाला कसं कळणार, मॅडम?” त्या म्हणाल्या. “फोन बंद होता.”