शेजारणीची उष्णता

मुलांनो, आमच्या नांदेडच्या शेजारणीच्या मते बाईच्या शरीरात एकच गोष्ट असते, उष्णता. नातीला पुटकुळ्या आल्या, उष्णता. सुनेची पाळी लांबली, उष्णता. स्वतः मात्र ऐन थंडीत घामाघूम होऊन फ्रीज उघडून उभी राहते. मी रजोनिवृत्तीचे नाव काढले की म्हणते, "न्हाई वो काकू, दूध बघून राहिले."

महालक्ष्म्या जवळ आल्या की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या ती घरात पेढ्यांसारख्या वाटते. गेल्या वर्षी त्यानंतर सुनेच्या पायात रक्ताची गाठ झाली. डॉक्टरांनी गोळ्या कायमच्या बंद केल्या. "डाक्टरच्या घरी महालक्ष्म्या बसत्यात का?" हिने विचारले.

यंदा मात्र "दुकानात गोळ्या मिळाल्याच न्हाईत" म्हणाली. इथे त्या चहापेक्षा सहज मिळतात.

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी घर जावा-नणंदांनी भरलेले. मी स्वयंपाकघरात असतानाच सून पांढऱ्या चेहऱ्याने सासूजवळ येऊन पुटपुटली, "आत्याबाई, मला पाळी आली."

शेजारणीने दार ओढून घेतले.

"तू मला काय बी सांगितलं न्हाईस. पुरण वाट. अन् काकू, तुमी बी इथं नव्हता."

मग ती पदर सावरून बाहेर गेली आणि जावांना सोवळ्याचे नियम समजावू लागली.